सही केलेली रॉकबिली रेकॉर्ड घेताना आधी तारखा बघा

रॉकबिली म्हणजे १९५०च्या दशकातलं, कंट्री संगीताच्या वळणाचं रॉक अँड रोल. त्यातल्या गायकांपैकी सुरुवात कार्ल पर्किन्स किंवा वँडा जॅक्सनपासून करा. रॉकबिलीचा बहर ओसरल्यावरही हे दोघं कित्येक वर्षं गात होते: पर्किन्स १९९८ साली गेला, जॅक्सन २०१९मध्ये निवृत्त झाली. एल्विस, बडी हॉली आणि एडी कॉक्रन यांच्या सह्यांकडे पहिली दोन वर्षं फिरकूही नका.

प्रत मूळ आहे की नंतर काढलेली, हे लेबल आणि क्रमांकावरून कळतं. पर्किन्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड काढणारी सन रेकॉर्ड्स ही कंपनी १९६९मध्ये विकली गेली आणि पुढे तिची जुनी गाणी पुन्हा बाजारात आली. अशा प्रतीवरची पर्किन्सची सही खरी असू शकते, पण तिला १९५६च्या मूळ प्रतीचा भाव देऊ नका.

आता सही. जो तो सांगतो, इंटरनेटवरच्या नमुन्याशी अक्षर ताडून बघा. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. नकली सही करणाराही तेच नमुने समोर ठेवून हात बसवतो. अक्षर सगळ्यात शेवटी बघायचं.

माझे पैसे इथेच बुडाले. बडी हॉलीची सही होती, सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. तासभर भिंगातून वळणं पाहिली, जुळली, म्हणून घेतली. कव्हर होतं ‘द बडी हॉली स्टोरी’चं. हॉली ३ फेब्रुवारी १९५९ला आयोवात विमान कोसळून गेला आणि ही एलपी निघाली त्याच्या मृत्यूनंतर! पाच मिनिटांत कळलं असतं, पण तारीख बघायचं सुचलंच नाही. कॉक्रनचंही तसंच. तो एप्रिल १९६०मध्ये गेला आणि त्याच्या हयातीत त्याची एकच एलपी आली, १९५७ची ‘सिंगिन टु माय बेबी’. दुसऱ्या कुठल्याही एलपीवर त्याची सही दाखवली तर तिथूनच परत फिरा.

मग पेन. शार्पी मार्कर १९६४मध्ये आला. हॉलीची किंवा कॉक्रनची सही शार्पीची दिसली तर पुढे काही बघायची गरजच नाही.

तिसरी गोष्ट झीज, आणि मला सर्वांत जास्त भरवसा हिचाच. आतल्या तबकडीच्या कडेमुळे कव्हरवर घासल्याची गोल खूण उमटते. सही त्या खुणेवरून जात असेल तर तिरपा प्रकाश टाकून भिंगातून बघा. सही जुनी असेल तर कव्हराबरोबर शाईही झिजलेली, तुटलेली दिसते. उघड्या पडलेल्या पुठ्ठ्यात शाई झिरपून पसरली असेल तर सही झिजेनंतरची. पर्किन्सच्या बाबतीत हे चालतं, कारण म्हातारपणीही त्याच्यासमोर जुनी कव्हरं येत होती. हॉलीच्या बाबतीत मात्र संशय घ्यायलाच हवा, कारण कव्हर इतकं झिजायला वर्षं लागतात आणि त्याच्याकडे ती नव्हती.

प्रमाणपत्रावर विसंबू नका. तेही छापता येतं. सही कुठे, केव्हा, कोणासमोर झाली ते विचारा. कार्यक्रमाचं तिकीट किंवा सही करतानाचा फोटो असेल तर उत्तम. सही खोटी निघाल्यास पैसे परत देण्याचं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

घरी आणल्यावर पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, शाई तिला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या. भिंतीवर उन्हात टांगू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी कव्हरावर बुरशी धरली नाही ना, ते बघा.