खोलीवर राहून कमी पैशात नीट जेवायचंय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नादात मी पुण्यात सदाशिव पेठेत चार वर्षं काढली. तिघांत एक खोली, महिन्याची मेस आणि घरून येणाऱ्या पैशांत महिना ढकलायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही एक महिना वहीत पै न् पै लिहून काढली. मेसचे पैसे ठरलेले होते, त्यांचं काही वाटलं नाही. डोळे उघडले ते चहाच्या रकान्यानं. दहा रुपयांचा चहा, दिवसाला पाच, म्हणजे महिन्याला १५०० रुपये. सोबतची खारी आणि क्रीमरोल वेगळे. आणि तिघांच्या तोंडी वाक्य एकच, "अंडी-दूध आपल्याला कुठं परवडतं?"

चहा सोडा असं मी सांगणार नाही. अभ्यासिकेतून खाली उतरायला तेवढंच निमित्त असतं. पण पाचाचे दोन करा. वाचलेल्या ३० रुपयांत रोजची दोन अंडी आणि एक-दोन केळी निघतात. मेसमधून उठलं की थेट टपरीवर, ही सवय मात्र मोडाच. चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. ताटातली लिंबाची फोड तशीच टाकून उठू नका. ती वरणावर, भाजीवर पिळली की तेच लोह जास्त शोषलं जातं.

"वरण खातो की रोज!"

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला झाले साधारण ५० ग्रॅम. आता मेसच्या वाटीत डोकावून बघा. १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ५० ग्रॅम डाळ चौघांत वाढली तर एकाच्या वाट्याला तीन ग्रॅमही येत नाहीत. बाकी सगळं हळदीचं पाणी. पोळ्यांमधून थोडी भर पडते, पण तेवढ्यावर भागत नाही.

भर घालायला महाग काही लागत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम. ५० ग्रॅम फुटाण्यांत दहाच्या आसपास. शेंगदाण्यांत तर बदामापेक्षा प्रथिनं कमी नाहीत, पण आपल्याकडं बदामाला जो मान आहे तो शेंगदाण्याला नाही, कारण तो शेतात पिकतो आणि पोत्यात मिळतो! घरून येताना लोणच्याची बरणी आणता, तशी शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी आणा. नुसत्या पोळीबरोबरही पोट भरतं.

मटकीला वास येतो, मोडच येत नाहीत

खोलीवर सगळ्यांत स्वस्त आणि सकस म्हणजे मोड आलेलं कडधान्य. आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडतं तेही हेच. आमची पहिली मटकी बुळबुळीत झाली, खोलीत असा वास सुटला की घरमालक वर आले. चूक अशी की ती पाण्यातच दीड दिवस राहिली. रात्री भिजत घाला, सकाळी पाणी पूर्ण निथळू द्या, दोनदा चोळून धुवा आणि मग ओलसर सुती फडक्यात बांधा. दिवसभरात मोड येतात. थंडीत येत नसतील तर पुरचुंडी डब्यात घालून डबा टॉवेलात गुंडाळून ठेवा. हुलग्यांना वेळ जास्त लागतो, घाई करू नका. मसूर घेताना अख्खे घ्या. आमच्यातल्या एकानं मसूरडाळ बांधून ठेवली होती आणि दोन दिवस वाट बघत होता.

मोड कच्चे खाऊ नका, वाफवून घ्या. दमट उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. आणि पहिल्याच दिवशी वाडगाभर खाल्ले तर पोट फुगणारच, मग "मला कडधान्य चालत नाही" म्हणून मोकळे. मूठभरानं सुरुवात करा.

तांदळातले "प्लास्टिकचे" दाणे

गावाकडून रेशनचा तांदूळ आणणाऱ्यांसाठी हे. माझा एक सोबती तांदूळ निवडायला बसला की थोडे वेगळ्या रंगाचे, पाण्यावर तरंगणारे दाणे काढून फेकायचा. गावात कुणीतरी सांगितलं होतं, प्लास्टिक आहे. ते प्लास्टिक नसतं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून बनवलेले दाणे असतात ते. सरकारी योजनांच्या तांदळात २०२१ नंतर टप्प्याटप्प्यानं, साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळले गेले. म्हणजे हा गडी नेमका फुकटचा पोषक भाग निवडून कचऱ्यात टाकत होता. तांदूळ हलका धुवा, ते दाणे राहू द्या.

फळांत सफरचंदाच्या मागं लागू नका. ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या तिपटीहून जास्त आणि हंगामात भावही परवडणारा. नाचणीची बिस्किटं घेताना पुडा उलटा करा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिला मैदा आणि मग साखर असेल तर नाचणी फक्त चित्रात आहे. आणि हे सगळं करूनही महिनोन्महिने थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच.

रविवारची संध्याकाळ

मेस बंद. आठवडाभर जपलेले पैसे याच एका संध्याकाळी फ्राइड राइसवर उडतात. घरमालकाची हरकत नसेल तर तिघांत मिळून एक इंडक्शन आणि तीन लिटरचा कुकर घ्या. वाटीभर तांदळाला वाटीभर मूगडाळ (अर्धी नाही), मूठभर शेंगदाणे, मंडईतून संध्याकाळी उतरलेल्या भावात आणलेली पालकाची जुडी. पालक आधी धुवा, मग चिरा. हळद, मीठ, हिंग, तीन शिट्ट्या. वास सुटला की शेजारच्या खोलीतला कुणीतरी ताट घेऊन दारात उभा राहतोच, तेव्हा डाळ एक मूठ जास्तच घाला.