तलाव आणि नद्यांमधून बाहेर पडणारे हरितगृह वायू कसे मोजावेत: पाण्याच्या हालचालीसह हिशेब

पाण्यात मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइड किती विरघळला आहे हे कळले म्हणजे तो हवेत किती जातो हेही कळले, असे गृहीत धरून अनेक मोजण्या सुरू होतात आणि हिशेब तिथेच चुकतो. विरघळलेला वायू हा पाण्यातला साठा असतो. तो किती वेगाने बाहेर पडेल हे पाणी किती आणि कसे ढवळले जाते यावर ठरते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार नद्या आणि ओढ्यांमधून दरवर्षी सुमारे १.८ अब्ज टन कार्बन हा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत जातो, तर तलाव आणि जलाशयांतून सुमारे ०.३ अब्ज टन. तलावांचे एकूण क्षेत्रफळ नद्यांच्या जवळजवळ पाचपट असूनही आकडे असे उलटे आहेत, आणि त्यामागे वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचा वाटा मोठा आहे. म्हणून वायूची मोजणी आणि पाण्याच्या हालचालीची मोजणी एकाच वेळी, एकाच जागी करावी.

सर्व हिशेबाचा पाया एकच सूत्र आहे. पाण्यातील वायूची प्रत्यक्ष संहती आणि हवेशी समतोल असताना जी संहती असती ती, या दोहोंतील फरकाला वायुविनिमयाच्या वेगाने, म्हणजे पाणी आणि हवा यांच्यात वायूची देवाणघेवाण ज्या वेगाने होते त्याने, गुणले की उत्सर्जन मिळते. पहिला घटक रसायनाचा आहे आणि दुसरा हालचालीचा.

संहती मोजण्यासाठी ६० मिलिलिटरची सिरिंज पुरते. पृष्ठभागाखालून एकही बुडबुडा न येऊ देता ३० मिलिलिटर पाणी ओढावे, त्यावर ३० मिलिलिटर हवा घ्यावी, तोटी बंद करून सिरिंज दोन मिनिटे जोराने हलवावी आणि वरचा वायू कोरड्या, हवाबंद कुपीत काढून घ्यावा. आत घेतलेल्या हवेचा नमुना स्वतंत्रपणे राखून ठेवावा, कारण त्यातील मूळ वायू वजा केल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही. हलवताना सिरिंजचे तापमान पाण्याइतकेच राहील याची काळजी घ्यावी. हाताच्या उबेनेही विद्राव्यता बदलते. पाणी अल्कधर्मी असेल, तर कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत बायकार्बोनेटच्या समतोलाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. मिथेनला तिची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष उत्सर्जन मोजण्यासाठी तरंगती पेटी वापरतात. ही पेटी अपारदर्शक आणि बाहेरून पांढरी किंवा चकचकीत असावी, म्हणजे आतली हवा तापत नाही. तिच्या कडा पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडलेल्या असाव्यात आणि आतल्या हवेतील वायूचे प्रमाण दहा ते तीस मिनिटे सतत नोंदवावे. समजा, पेटीतील हवेचे आकारमान १२ लिटर, तिने झाकलेले क्षेत्र ०.०८ चौरस मीटर आणि तापमान २५ अंश सेल्सिअस आहे, आणि कार्बन डायऑक्साइड दर मिनिटाला ४ पीपीएमने (दहा लाख भागांत ४ भागांनी) वाढतो आहे. नेहमीच्या वातावरणीय दाबाला १२ लिटर हवेत सुमारे ०.४९ मोल वायू असतो. त्यावरून हिशेब केल्यास दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ३५ मिलिमोल, म्हणजे साधारण दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच वेळी सिरिंजच्या नमुन्यातून संहती घनमीटरमागे ८४ मिलिमोल आली आणि हवेशी समतोलाची संहती सुमारे १४ असली, तर फरक ७० होतो आणि वायुविनिमयाचा वेग दिवसाला अर्धा मीटर ठरतो. निरनिराळ्या तापमानांच्या आणि वायूंच्या मोजण्या ताडून पाहण्यासाठी हा वेग ६०० या श्मिट अंकाला (पाण्याची चिकटता आणि वायूचा पाण्यात पसरण्याचा वेग यांच्या गुणोत्तराला) आणून लिहिण्याची पद्धत आहे. वरील उदाहरणात तो सुमारे ०.४४ मीटर येतो.

हा वेग एका शांत तलावाचा आहे. वाऱ्यावरून वायुविनिमयाचा वेग काढण्याचे १९९८ मधील एक प्रचलित समीकरण आहे. त्यात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये, १० मीटर उंचीवरचा घेऊन त्याचा १.७ वा घात करतात, त्याला ०.२१५ ने गुणतात आणि २.०७ मिळवतात, उत्तर तासाला सेंटिमीटरमध्ये मिळते. वारा अजिबात नसताना ते दिवसाला जेमतेम अर्धा मीटर वेग देते, तर सेकंदाला ३ मीटर वाऱ्याला सुमारे ०.८ मीटर. आता एक ओढा घ्या, ज्याच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे आणि तळ दर शंभर मीटरला एक मीटर उतरतो. ओढ्यांसाठीच्या समीकरणात प्रवाहाचा वेग आणि उताराच्या गुणाकाराला २८४१ ने गुणून २.०२ मिळवले की वायुविनिमयाचा वेग दिवसाला सुमारे १६ मीटर येतो. पाण्यात वायू तितकाच असताना हा ओढा शांत तलावाच्या तीसपटीहून अधिक वायू सोडतो.

इथून नदीवर मोजणाऱ्याने एक महत्त्वाचा निष्कर्ष काढावा. ओढ्याची खोली ३० सेंटिमीटर असेल, तर वायुविनिमयाच्या त्या वेगाने अतिरिक्त वायूचा मोठा भाग अर्ध्या तासाच्या आत उडून जातो आणि तेवढ्यात पाणी साधारण ८०० मीटर पुढे गेलेले असते. भूजलातून वायूने भरलेले पाणी वरच्या बाजूला मिसळत असेल आणि नमुना सोयीच्या पुलावर, एक किलोमीटर खाली घेतला, तर सर्वांत जोरदार उत्सर्जन कागदावर येतच नाही. म्हणून झरे, उपनद्यांचे संगम आणि धबधबे यांच्या वर आणि खाली, जवळजवळ अंतरावर नमुने घ्यावेत. वाहत्या पाण्यात पेटी दोरीने एका जागी बांधून ठेवू नये. तिच्या कडांना पाणी अडून भोवरे तयार होतात आणि पेटी स्वतःच निर्माण केलेली ढवळण मोजू लागते. तिला प्रवाहाबरोबर वाहू द्यावे आणि नोंदीही वाहतानाच घ्याव्यात.

तलावात खरी अडचण खोलीत असते. पाणी सुमारे ४ अंशांना सर्वांत जड असते आणि त्यापुढे ते जितके उबदार, तितका एकेका अंशाचा फरक घनतेत मोठा पडतो: २५ ते २६ अंशांमधला फरक ५ ते ६ अंशांमधल्या फरकाच्या सुमारे दहापट आहे. त्यामुळे उबदार तलावात थोड्याशा तापमानफरकानेही थर पक्के होतात, तळाचा ऑक्सिजन संपतो आणि गाळातून येणारा मिथेन खाली साठत राहतो. दर एक मीटरवर तापमान आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय पृष्ठभागाच्या आकड्यांना अर्थ देऊ नये. ऋतुबदलाच्या वेळी किंवा जोरदार वाऱ्यानंतर हे थर मोडतात आणि साठलेला वायू काही दिवसांतच वर येतो. महिन्याला ठरलेल्या एकाच तारखेला जाणारा मोजणीदार नेमके तेच दिवस गमावतो. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे निरनिराळ्या खोलींवर कायम टांगून ठेवावीत आणि वरखालचे तापमान सारखे होऊ लागले की मोजणी दररोज करावी.

रात्रीची मोजणी टाळण्याकडे कल असतो, पण माझ्या मते ती ऐच्छिक नाहीच. संध्याकाळनंतर पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन खाली बुडते आणि वारा पडलेला असतानाही ढवळण चालू राहते. केवळ वाऱ्यावर आधारलेले समीकरण ती पाहू शकत नाही. शिवाय शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबल्याने कार्बन डायऑक्साइडही वाढतो. चोवीस तासांची एक पूर्ण फेरी प्रत्येक ऋतूत घ्यावी. रात्री एकट्याने होडीत जाऊ नये आणि जीवरक्षक जॅकेट काढू नये.

मिथेनचा मोठा भाग बुडबुड्यांतून थेट वर येतो, विशेषतः उथळ आणि गाळाने भरलेल्या भागात. त्यासाठी उलटी नरसाळी पाण्याखाली टांगावीत आणि वर साठलेल्या वायूचे आकारमान दररोज वाचावे. जास्त दिवस ठेवल्यास मिथेन परत पाण्यात विरघळतो. हवेचा दाब किंवा पाण्याची पातळी उतरली की बुडबुडे वाढतात, म्हणून या दोन्हींची नोंद सोबत ठेवावी. वल्ह्याने किंवा पायाने गाळ हलवून सुटलेले बुडबुडे मोजणीत धरू नयेत. तरंगत्या पेटीत मिथेनच्या आलेखाने अचानक उडी घेतली, तर तो दोष समजून नोंद खोडू नये. ती बुडबुड्याची खूण आहे. संथ चढाचा हिशेब वेगळा आणि उडीचा वेगळा लिहावा.

धरणाच्या दारांतून खोलचे पाणी सोडले जाते तेव्हा दाब एकदम उतरतो आणि वायू तिथेच निसटतो. जलाशयाच्या पृष्ठभागावर कितीही पेट्या ठेवल्या तरी तो सापडणार नाही. दारांच्या खोलीवर मिथेन घनमीटरमागे १०० मिलिमोल आणि खालच्या नदीत २० असेल, आणि विसर्ग सेकंदाला १० घनमीटर असेल, तर दिवसाला सुमारे १.१ टन मिथेन त्या थोड्याशा अंतरातच हवेत गेला असे समजावे. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ घडवतो. हा आकडा जलाशयाच्या बेरजेत स्वतंत्र ओळीत, विसर्गाच्या तारखेसह लिहावा.