कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग कसा हलवायचा (आणि परत येऊ कसा द्यायचा नाही)

प्रत्येक गल्लीत असा एक कोपरा असतोच. पुण्यात आमच्या गल्लीत तो विजेच्या डीपीच्या बॉक्सला लागून आहे, बंद पडलेल्या बंगल्याच्या कंपाउंडपाशी. तिथं पूर्वी पालिकेचा मोठा लोखंडी कंटेनर असायचा, तो उचलून कित्येक वर्षं झाली पण लोकांचा हात अजून तिथंच जातो, चालत्या स्कूटरवरून पिशवी बरोब्बर त्याच जागी पडते. पालिकेच्या भाषेत याला क्रॉनिक स्पॉट म्हणतात. आम्ही दोन वर्षं तक्रारी केल्या, गाडी यायची, ढीग उचलायची, संध्याकाळी नवा ढीग तयार. शेवटी जे जमलं ते कसं जमलं ते लिहितोय, कारण मला रोज कोणीतरी विचारतं आणि दर वेळी सगळं सांगत बसणं होत नाही.

पहिलं काम म्हणजे काहीच करायचं नाही, आठवडाभर फक्त बघायचं. खरंच. ॲप नाही, बोर्ड नाही, ग्रुपवर मेसेज नाही. सकाळी दूध आणायला जाताना, दुपारी, आणि मेन म्हणजे रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात तिथं काय पडतंय आणि कोण टाकतंय ते वहीत लिहा. मला वाटलं होतं की बाहेरचे लोक येऊन टाकतात (सगळ्यांना असंच वाटतं), पण आठवड्याच्या शेवटी वहीत चारच प्रकार निघाले. एक, ज्यांची पोरं सकाळी सातला कामाला बाहेर पडतात असे भाड्याचे फ्लॅट, कचरा घ्यायला ताई येतात आठ-साडेआठला तेव्हा घराला कुलूप. दोन, दुकानदार, कारण दुकान उघडतं दहाला आणि कचरा होतो दिवसभर, म्हणजे ताई गेल्यानंतर. तीन, घरकाम करणाऱ्या मावशी, ज्यांच्या हातात बिल्डिंगमधलेच लोक जाताना पिशवी देतात. आणि चार, राडारोडा आणि जुन्या गाद्या, हे रात्रीचं काम, टेम्पोतून.

तिसऱ्यावरून माझी चांगलीच फजिती झाली. मी एका मावशींचा पिशवी टाकतानाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली चार लोकांनी संतापाचे अंगठे दिले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की पिशवी आमच्याच बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरची, तिथल्या वहिनी रोज सांगतात "जाताना तेवढं टाकून द्या हं". फोटो डिलीट केला, मावशींची माफी मागितली, त्या हसल्या पण मला दोन दिवस तोंड दाखवायला लाज वाटत होती. म्हणून सांगतो, फोटो काढून बदनामी करू नका. पिशवी कुणाच्या हातात आहे ते बघू नका, कुठल्या घरातून निघाली ते बघा, आणि बोलायचं असेल तर त्या घरी जाऊन बोला.

हे कळलं की निम्मं काम होतं, कारण प्रत्येक गटाचं औषध वेगळं आहे आणि चौघांवर एकच बोर्ड लावून काही होत नाही. बोर्डाचं सांगतो. पुणेरी पाटीचा मोह प्रत्येकाला होतो, आम्हीही लावली, भारी टोमणा होता, लोकांनी थांबून फोटो काढले आणि खाली पिशव्या ठेवून गेले. देवांच्या टाइल्सही लावून पाहिल्या कंपाउंडला. महिनाभर फरक पडला, मग लोक तिथं फुटलेल्या काचेचे देवांचे फोटो, जुनी कॅलेंडरं, निर्माल्य आणून ठेवायला लागले, म्हणजे आधी नुसता कचरा होता आता उचलायलाही कोणी धजेना!

आता कचरा घेणाऱ्या ताईंशी बोला, आणि हे सगळ्यात आधी, दुकानदारांच्याही आधी. पुण्यात बऱ्याच भागात घरोघरी कचरा घेतात त्या 'स्वच्छ' संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातूनच पुढे ही कचरा वेचकांची सहकारी संस्था झाली, म्हणजे या कोणा ठेकेदाराच्या नोकर नाहीत, महिन्याचे पैसे आपण त्यांना देतो आणि सुका माल निवडून भंगारात विकून त्यांचं वरचं उत्पन्न होतं. त्यामुळे ओल्या कचऱ्यात बरबटलेला पुठ्ठा दिला की थेट त्यांच्या कमाईवर पाय पडतो. पैसे थकवणारी घरं कोण, कुलूप कुठं असतं, कोणत्या दुकानाचं काय निघतं हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं, माझ्या आठवड्याच्या वहीपेक्षा त्यांनी दहा मिनिटांत जास्त सांगितलं. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. कुलूपवाल्या फ्लॅटांनी रात्रीच झाकणाचा डबा दाराबाहेर ठेवायचा, आणि दुकानांसाठी ताईंनी साडेदहाला एक वेगळी फेरी मारायची, तिचे वेगळे पैसे दुकानदारांनी द्यायचे. फुकटात जादा फेरी मागू नका, कोणी करत नाही आणि करूही नये.

कचरा वेगवेगळा करून देणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आपल्या सगळ्यांवर बंधनकारक आहे (तेव्हा ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते, २०२६ च्या नव्या नियमांत चार झाले), ही काही कोणाची मेहेरबानी नाही. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर पेनाने लाल ठिपका करायचा, उघडून बघायची वेळ त्या बाईवर येऊ नये एवढंच.

मग दुकानं. इथं घाई करू नका. पाच-सहा जणांचा मोर्चा घेऊन गेलात की दुकानदार पहिल्या मिनिटाला बंद होतो. एकट्याने जायचं, दुपारी चारच्या सुमाराला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, काहीतरी विकत घ्यायचं, आणि 'तक्रार' हा शब्द काढायचाच नाही. मी किराणावाल्या शेठना म्हटलं, "शेठ, रात्री दुकान बंद करताना पुठ्ठे कुठं जातात हो?" ते म्हणाले पोरगा टाकतो कुठंतरी. पोराला विचारलं तर तो म्हणाला बाकी सगळे टाकतात तिथंच. शेठना माहितीच नव्हतं, आणि पुठ्ठा तर विकला जातो! आता पोरगा पुठ्ठे दाबून सुतळीने बांधून आत ठेवतो आणि सकाळी ताई नेतात, दोघंही खूश.

वडापावच्या गाडीवाल्या दादांचा प्रश्न वेगळा होता, डबा त्यांनी ठेवलेला पण गाडीच्या मागच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं पुढे. कागद हातात, डबा दिसत नाही, कागद खाली. डबा पुढे, चटणीच्या बाजूला ओढला, बास, एवढंच. विक्रेत्याने स्वतःचा डबा ठेवणं हेही त्याच २०१६ च्या नियमांत होतं पण नियम सांगत बसण्यापेक्षा डबा ओढणं सोपं. सलूनवाल्याला केस वेगळ्या पिशवीत बांधून द्यायला सांगा, ते वाऱ्याने गल्लीभर होतात. कोपऱ्यावर सुई, सिरिंज, सलाईनच्या नळ्या दिसल्या तर मात्र हात लावू नका आणि गोडीगुलाबीही नको, सरळ दवाखान्यात जाऊन सांगा की जैववैद्यकीय कचरा वेगळ्या अधिकृत गाडीनेच जायला हवा, पुन्हा दिसला तर फोटोसकट पालिकेकडे देणार. (इथं फोटो चालतो.)

शहाळ्यांवर थोडं जास्त लिहितो कारण उन्हाळ्यात ढिगाचा अर्धा भाग तोच असतो आणि लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. कापलेल्या शहाळ्यात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शहाळेवाल्या अण्णांना आम्ही फक्त एवढं सांगितलं की पिऊन झालं की दोन तुकडे करायचे, मलई काढायला तसेही बरेच जण करून घेतातच, आणि पोत्यात भरायचं, उघड्यावर टाकायचं नाही. आणि फळवाल्यांकडे आंब्याच्या पेट्यांमधला पेंढा निघतो, तो तर मागूनच घ्या. सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा असेल तर प्रत्येक ओल्या थरावर मूठभर पेंढा टाकला की वास आणि चिलटं दोन्ही कमी होतात, आम्ही वर्षभराचा साठवून ठेवतो.

प्लास्टिक पिशव्यांचं म्हणाल तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पहिला दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पण भाजीवाल्या मावशींना हा आकडा सांगून भांडू नका, आपण स्वतः पिशवी विसरून जातो आणि "एक पिशवी द्या ना" म्हणतो हे खरं कारण आहे. आम्ही भाजीच्या गाडीला जुन्या कापडी पिशव्यांचा गठ्ठा टांगला. निम्म्या परत येत नाहीत, ठीक आहे.

एवढं झाल्यावर पालिका. आधी नाही. सुरुवात आरोग्य कोठीपासून करायची, म्हणजे जिथं सकाळी झाडूवाल्यांची हजेरी लागते तिथं, आणि तिथल्या मुकादमांना भेटायचं. मुकादम हा या सगळ्यातला खरा माणूस. त्यांना जाऊन "तुमची गाडी येत नाही" म्हणण्यापेक्षा "आम्ही टाकणाऱ्यांशी बोललोय, एकदा जागा पूर्ण साफ करून धुवून द्या, पुढचं आम्ही बघतो" म्हटलं की चेहरा बदलतो, कारण असं त्यांना कोणी म्हणत नाही. त्यांनी नाही ऐकलं तर आरोग्य निरीक्षक, मग क्षेत्रीय कार्यालय. सोबत पीएमसी केअर किंवा स्वच्छता ॲपवर फोटो टाकून तक्रार नंबर घेऊन ठेवा, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. अर्जात फार निबंध नको, साधारण असं:

"अमुक रस्ता, अमुक डीपीजवळ उघड्यावर कचरा टाकला जातो. रहिवासी व दुकानदारांनी कचरा घरोघरच्या संकलनात देण्याचे मान्य केले आहे. सदर जागा अमुक तारखेपर्यंत साफ करून धुऊन घ्यावी, तसेच बंद असलेला पथदिवा, खांब क्रमांक अमुक, सुरू करावा. ॲपवरील तक्रार क्रमांक अमुक."

तारीख आणि खांब नंबर टाकला की अर्ज फिरत राहत नाही. तरीही महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकार आहेच, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं काय तर 'माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय कारवाई झाली त्याची कागदपत्रं द्या', 'का केली नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. आमचा अर्ज एका कार्यालयात चक्क हरवला होता, पोच होती म्हणून वाचलो.

गल्लीतले वाढदिवसाचे आणि हार्दिक अभिनंदनचे फ्लेक्स ही वेगळी तक्रार, ती आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे जाते, कचऱ्याच्या अर्जात घुसडू नका, नाहीतर दोन्ही खात्यांना टोलवाटोलवी करायला निमित्त मिळतं. बाकडं, फूटपाथची दुरुस्ती असली कामं हवी असतील तर पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, मुदत कधी आहे ते विचारून ठेवा कारण ती गुपचूप निघून जाते.

जागा धुतली त्या दिवसापासून पहिले पंधरा दिवस सगळ्यात महत्त्वाचे, आणि इथंच बहुतेक लोक हरतात. जागा नुसती रिकामी ठेवायची नाही. आम्ही धुतल्या दिवशी संध्याकाळी चुना मारला, पुढे ठसठशीत रांगोळी काढली आणि सिमेंटच्या जड कुंड्या ठेवल्या (प्लास्टिकच्या ठेवल्या होत्या त्या तिसऱ्या रात्री गेल्या). आणि रात्री साडेनऊ ते अकरा शतपावली तिथंच. दोघंदोघं, पाळ्या लावून, पहारा वगैरे काही नाही, नुसत्या गप्पा मारत फिरायचं. कोणी पिशवी घेऊन आलं की ओरडायचं नाही, "काय म्हणताय, जेवण झालं का?" एवढं विचारायचं, माणूस पिशवी घेऊन परत जातो. एक काका तर रोज पिशवी घेऊन यायचे आणि रोज आमच्याशी गप्पा मारून पिशवीसकट घरी जायचे, पाचव्या दिवशी नुसते गप्पा मारायला आले. या दिवसांत एक जरी पिशवी पडली तरी ती तासाभरात उचला, स्वतःच्या हाताने उचलावी लागली तरी, कारण पहिली पिशवी दिसली की दुसरी पडते.

राडारोड्याला मात्र शतपावली चालत नाही. कोणाच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम निघालं की सोसायटीने त्याच दिवशी विचारायचं की माल कुठं जाणार, आणि ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच तो उचलून पालिकेच्या ठिकाणी नेण्याचे पैसे धरायला लावायचे. पैसे धरलेले नसले की तो रात्री बाराला तुमच्याच कोपऱ्यावर येतो.

आणि दिवाळीच्या आधी जागे राहा. साफसफाई निघाली की गाद्या, मोडक्या खुर्च्या, फुटके माठ सगळं बाहेर येतं. आम्ही आता दसरा झाला की एका रविवारी टेम्पो सांगतो, घरटी थोडे पैसे काढतो, आणि जे कोणाला वापरता येईल ते आधी ताईंना विचारतो. गेल्या वर्षी तरीही पहाटे एक डबल गादी डीपीला टेकून उभी होती. मी साडेसहाला बघितली, शेठच्या पोराला हाक मारली, दोघांनी ओढत सोसायटीच्या आत नेली आणि रविवारच्या टेम्पोत टाकली. कोणाची होती ते अजून कळलेलं नाही, पण चौथ्या मजल्यावरच्या वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी फार गोड बोलतात.