कोकणात ऑफिस बांधताय आणि काँक्रीट उघडं ठेवायचंय? मग हे बघून घ्या

प्लास्टर, पुट्टी, रंग, फॉल्स सीलिंग सगळं वाचतं म्हणून अलिबाग-रत्नागिरीकडे उघडं काँक्रीट करायचं असेल तर जरूर करा, पण ते आत करा. स्लॅबचा तळ, बीम, कॉलम उघडे ठेवा आणि बाहेरच्या भिंती सरळ जांभ्या चिऱ्याच्या घ्या, वर पागोळ्या लांब पडतील असं छप्पर. पावसाच्या तोंडावरची काँक्रीटची भिंत शेवाळाने काळी पडते, पश्चिमेची असेल तर उन्हाने तापून संध्याकाळभर आत गरम मारते.

आता सिमेंट. त्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा क्लिंकरचा, म्हणजे ज्याची पूड करून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांचा, कारण चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळाच. म्हणून क्लिंकरचा काही भाग कमी करून त्याजागी स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, घातलेलं स्लॅग सिमेंट घ्या, आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असतो, स्टीलच्या कारखान्यात लोखंड बनवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसमधून निघालेला, आणि रायगडात डोलवीला स्टीलचा मोठा कारखाना आहेच. आपल्याकडे याचा डबल फायदा, स्लॅगचं काँक्रीट घट्ट होतं आणि खाऱ्या हवेतलं, सळई गंजवणारं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला खूप वेळ लागतो. फक्त ताकद हळू येते, त्यामुळे सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, काढायची घाई नको, आरसीसीवाल्या इंजिनियरला विचारूनच काढा, आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, निदान १० दिवस, गोणपाट सतत ओलं, पाणी गोडं. शटरिंग, म्हणजे साचा, काढल्यावर काँक्रीट निळसर-हिरवट दिसलं तर घाबरू नका, हवा लागली की जातं.

कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरात, मात्र अजिबात तडजोड नको!! आयएस ४५६ मध्ये किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिमी कव्हर, ताकदीचा ग्रेड कमीत कमी एम३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंतच, लाटांचे तुषार येत असतील तर ५० मिमी आणि एम३५. खाडीची वाळू नको, काळ्या दगडाची क्रश सँड घ्या. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायला मुकादमाला बजावून सांगा, एक टोक बाहेर राहिलं तरी तिथून गंजाचा ओघळ येतो.

आधी एक छोटी भिंत सॅम्पल म्हणून ओतून बघा, त्याच प्लायने, त्याच माणसांकडून. आणि लाइटचे पाइप, एसीचं ड्रेन, फॅनचे हूक सगळं स्लॅब भरायच्या आधी फायनल करा, नंतर छिन्नी मारलीत की तो पॅच कायम दिसतो.