पुण्यात प्रभागातील रस्त्यावर श्रमदान आयोजित करताना

दिवस ठरवण्याआधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकांना लेखी कळवावे आणि जमलेला कचरा उचलायला गाडी किती वाजता, कोणत्या चौकात येईल हे पक्के करून घ्यावे. भरलेली पोती रस्त्याकडेला राहिली, तर भटकी कुत्री ती फाडतात आणि सगळे श्रम वाया जातात. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची तयारी आहे.

खराटे, घमेली आणि जाड हातमोजे पुरेसे असावेत. ओला व सुका कचरा जागेवरच वेगळा करावा. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुढे तो हाताळणाऱ्या कचरावेचक भगिनींना उघड्या हातांनी तपासावा लागणार नाही. विकण्याजोगा सुका माल ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासदांनाच द्यावा, कारण त्याच्या विक्रीवर त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून असतो.

पावसाळी गटारांच्या जाळ्या वरून मोकळ्या कराव्यात, परंतु चेंबरमध्ये कोणालाही उतरू देऊ नये. सुरक्षा साधनांविना माणसाला मैलावाहिनीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. खड्डे मातीने बुजवू नयेत, ती पहिल्याच पावसात वाहून जाते; त्यांची छायाचित्रे जागेच्या खुणेसह पथ विभागाकडे पाठवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा.