स्क्वाड्रनचा वार्षिक स्नेहमेळावा मुंबईत कसा भरवावा

उड्डाण स्क्वाड्रनचा, म्हणजे नौदल किंवा हवाई दलातल्या विमानांच्या तुकडीचा, मेळावा फसतो तो बहुधा निमंत्रितांच्या यादीपायी. हॉल, जेवण, माईक यांची जमवाजमव दोन महिन्यांत होते, यादीला मात्र वर्ष लागतं. ती करायला बसतात वैमानिक, त्यामुळे ती वैमानिकांचीच होते. विमान हवेत जायच्या आधी इंजिन, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इलेक्ट्रिकल, रेडिओ, शस्त्रास्त्रं, सेफ्टी इक्विपमेंट अशा शाखांची कितीतरी माणसं हँगरमध्ये राबलेली असतात. पॅराशूट बांधणाऱ्या सेलरला (नौसैनिकाला) निमंत्रण गेलं नसेल, तर तो स्क्वाड्रनचा मेळावा नव्हे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यादी

आधी स्क्वाड्रनचे कालखंड पाडा, विमानाच्या प्रकारानुसार. नौदलाच्या आयएनएएस ३०० (इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन ३००) चं उदाहरण घ्या: सी हॉक, मग सी हॅरियर, आता मिग-२९के. सी हॅरियर २०१६ साली निवृत्त झालं. सी हॉकवर काम केलेला मेकॅनिक आणि मिगवरचा मेकॅनिक एकमेकांना ओळखतही नसतात. म्हणून प्रत्येक कालखंडासाठी दोन माणसं नेमा, एक अधिकारी आणि एक सेलर किंवा एअरमन (हवाई दलाचा सैनिक). प्रत्येकाकडे तीस-चाळीस नावांपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर फोन होत नाहीत, नुसते मेसेज जातात. मेसेज पाहून पंचाहत्तरीचा माणूस गावाहून निघत नाही. जुन्या सहकाऱ्याचा आवाज ऐकून निघतो.

पत्ता हरवलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहा. ‘पत्ते द्या’ असं मागू नका, सोबतचं निमंत्रण संबंधितांकडे पोचवा अशी विनंती करा. पत्रात तळाचं जुनं नावही घाला. कुलाब्याच्या नौदल हेलिकॉप्टर तळाचं आयएनएस शिक्रा हे नाव २००९ चं; त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या तोंडी कुंजालीच असतं.

रकाने मोजके ठेवा: नाव, स्क्वाड्रनमध्ये हाक मारायचे ते नाव, शाखा, वर्षं, फोन, जोडीदाराचं नाव आणि घरातल्या एका तरुण माणसाचा नंबर. पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, आधार, बँक खातं यांतलं काहीही मागू नका. अशी यादी व्हॉट्सॲपवर फिरते आणि निवृत्तिवेतनधारकांना फसवणारे नेमकी तीच शोधत असतात. कुणी वारलं तर नाव खोडू नका, वेगळ्या पानावर घ्या आणि तिथे पत्नीचा किंवा मुलांचा फोन लिहा.

तारीख आणि जागा

जून ते सप्टेंबर बाद. ४ डिसेंबरला नौदल दिन आणि ८ ऑक्टोबरला हवाई दल दिन असतो. त्या आठवड्यांत कार्यरत अधिकारी मोकळे नसतात. डिसेंबरात लग्नसराई असते. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात. शिवाय रविवार हा लोकलच्या मेगाब्लॉकचा वार. म्हणून शनिवार घ्या, आणि रात्रीचं जेवण न ठेवता दुपारचं ठेवा. डोंबिवली, विरार, पनवेलची मंडळी उजेडात घरी पोचतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि कोकणाच्या गाड्या लगेच भरतात. तारीख त्याच्याही महिनाभर आधी कळवा.

लष्करी आवारातली जागा स्वस्त आणि आपुलकीची असते, पण फाटकावर अडचण होते. पाहुण्यांची नावं, ओळखपत्रांचा तपशील आणि गाड्यांचे नंबर किती दिवस आधी द्यायचे, हे लेखी विचारून घ्या. परदेशी पासपोर्ट असलेली सून किंवा नातवंड येणार असेल तर तो विषय अगदी पहिल्या पत्रात काढा. ऐनवेळी परवानगी मिळत नाही. खासगी हॉल घेतला आणि मद्य ठेवायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो.

कुलाब्यात भरवत असाल तर निमंत्रणात भूमिगत मेट्रोचा मार्ग लिहा. २०२५ पासून ती विमानतळापासून कफ परेडपर्यंत थेट धावते. स्टेशनपासून हॉलपर्यंत मात्र दोन गाड्या ठेवा.

पैसे

हॉल, माईक, छपाई हा ठरलेला खर्च. ताट हा माणशी खर्च. ८० जण येतील असं वाटत असेल तर ठरलेला खर्च ६० ने भागा. शेवटच्या आठवड्यात गुडघा, ताप, नातवाची परीक्षा अशी गळती होतेच. वर्गणी सर्वांना एकच ठेवा, हुद्द्यानुसार नको. वीरपत्नी आणि दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नींकडून वर्गणी घेऊ नका, आणि हे त्यांना फोनवरच सांगा. छापील पत्रकात ‘मोफत’ लिहिलं की अवघडल्यासारखं होतं.

कान

इकडे सर्वांत कमी लक्ष जातं. जेटच्या किंवा हेलिकॉप्टरच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचे कान आधी उंच पट्टीच्या आवाजांना बहिरे होतात. अ, आ यांसारखे स्वर ऐकू येतात, पण स, त, क यांसारखी व्यंजनं निसटतात. त्यात मागे गोंगाट असला तर समोरच्याचं बोलणं कळतच नाही, माणूस नुसता हसून मान डोलावतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. म्हणून:

- हॉल बघायला जाल तेव्हा टाळी वाजवा. आवाज घुमला तर तो हॉल सोडा. पडदे, गालिचा असलेला, बसक्या छताचा हॉल उत्तम.
- दहाऐवजी आठ जणांची गोल टेबलं मांडा. दहाच्या टेबलावर पलीकडचा ऐकू येत नाही.
- जेवताना पार्श्वसंगीत अजिबात नको. समुद्राकाठचं मोकळं लॉन सुंदर दिसतं, पण वारा माईकमध्ये शिरतो.
- भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं.

बिल्ल्यावर हुद्द्यापेक्षा हाक मारायचं नाव मोठं छापा, निदान २८ पॉइंटात, खाली वर्षं आणि विमान. दोन्ही बाजूंनी छापा, कारण गळ्यातला बिल्ला हमखास उलटतो.

श्रद्धांजली

दिवंगतांची नावं मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने वाचा, ज्येष्ठतेच्या नव्हे. हवाई अपघातात गेलेल्यांची तारीख, विमान आणि नावाचं स्पेलिंग स्क्वाड्रनच्या नोंदींशी ताडून पाहा. आठवणीवर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी ती यादी कुटुंबीयांना वाचून दाखवा. नावाचा उच्चार तेच दुरुस्त करतात. बिगुलवादक हवा असेल तर स्थानिक युनिटला तीन महिने आधी विनंती करा. कार्यरत स्क्वाड्रनच्या कमांडिंग ऑफिसरलाही त्याच सुमारास पत्र जावं. स्क्वाड्रन नंबर-प्लेटेड (तुकडी मोडून नुसता क्रमांक राखलेली) असेल तर निदान तळाच्या प्रमुखाला.

सामूहिक फोटो जेवणाआधी काढा, नंतर माणसं पांगतात. जुने फोटो आणणाऱ्यांसाठी एक टेबल, ६०० डीपीआयचा स्कॅनर आणि मऊ शिसपेन्सिल ठेवा. फोटोतल्यांची नावं तिथल्या तिथे मागच्या बाजूला लिहून घ्या. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) मात्र स्कॅन होताच मालकाच्या हातात परत द्या.

पुढच्या वर्षीची तारीख आणि संयोजक त्याच दुपारी जाहीर करा. हिशेब पंधरा दिवसांत, पावत्यांसह, न आलेल्यांनाही पाठवा.