घरची सायडर गढूळ राहते, नाहीतर बाटली फुटते? या चुका टाळा

इंग्लंडमधे सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजाऱ्यांच्या झाडाची सफरचंदं फुकटात मिळायला लागली की आपली बरीच मंडळी सायडर (सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू) करायला डेमिजॉन, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी काचेची बरणी, बाहेर काढतात, आणि नाताळाच्या आसपास सगळ्यांचं रडगाणं एकच, निवळत का नाही न् फसफसत का नाही. (इथे घरच्यापुरती केलेली चालते. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय हे दारूबंदी कायद्यात अडकतं, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं वाचा.)

गढूळ दिसली की लगेच जिलेटिन ओतायला धावू नका, आधी ते यीस्ट (रस आंबवणारं खमीर) आहे की पेक्टिन (फळातला जेली घट्ट करणारा पदार्थ) ते बघा. यीस्ट असेल तर थंडगार गॅरेजमधे ठेवून द्या, आपोआप खाली बसतं. पेक्टिन मात्र महिनोनमहिने ढिम्म हलत नाही. ओळखायचं कसं, तर छोट्या ग्लासात एक चमचा सायडर न् तीन-चार चमचे मेथिलेटेड स्पिरिट घाला, थोड्या वेळात जेलीसारखे गोळे किंवा दोरे तरंगायला लागले की समजायचं पेक्टिन, आणि तो ग्लास लगेच सिंकमधे, चुकूनही तोंडाला लावायचा नाही. रस उकळून घेणाऱ्यांना हे हमखास होतं. पेक्टिक एन्झाइम, म्हणजे पेक्टिन तोडणारी पावडर किंवा द्रव, खरं तर यीस्टच्या आधी घालायचं असतं, नंतर अल्कोहोलमुळे त्याचं काम मंदावतं, तरी जास्त डोस देऊन बघायला हरकत नाही. नाहीच निवळली तर तशीच प्या हो, कोणाला फोटो दाखवायचाय!

फेसाच्या बाबतीत असं बिनधास्त राहून चालत नाही. एअरलॉक (डेमिजॉनच्या तोंडावरची, आतला गॅस बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी नळी) शांत झाला म्हणजे संपलं असं धरून बाटल्या भरणं ही सगळ्यात डेंजर चूक. हायड्रोमीटर (रसात किती साखर उरलीय ते घनतेवरून दाखवणारी तरंगती काचनळी) १.०१० दाखवत असताना भरलीत तर लिटरमागे साधारण २० ग्रॅम साखर आत आंबायची बाकी असते आणि फेसाला लागते फक्त ६ ग्रॅम, मग काच फुटणारच. रीडिंग १.००० किंवा त्याखाली आलं आणि दोन-तीन दिवसांनी परत तेच आलं की मगच भरा. फेसासाठी ४.५ लिटरला २७ ग्रॅम साखर, काट्यावर मोजून, चमच्याने नाही. थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून ते रिकाम्या बादलीत ओता न् वरून सायफनने सायडर सोडा, म्हणजे एक बाटली सपक न् दुसरी कारंजं असं होत नाही. वाईनच्या बाटल्या अजिबात नकोत, बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या जाड काचेच्याच घ्या. एक सोड्याची प्लॅस्टिकची बाटलीपण भरा, ती दाबून कडक लागली की बाकीच्याही झाल्या.

दोन आठवड्यांनी फेस नसेल तर बहुतेक खोली गार आहे, २० अंशांच्या आसपास आणून ठेवा. सॉर्बेट हे प्रिझर्व्हेटिव्ह आधीच घातलं असेल तर मात्र वाट बघू नका, यीस्ट वाढणारच नाही. गोड न् फसफसणारी दोन्ही हवी असेल तर एरिथ्रिटॉल ही साखरेऐवजीची गोडी घाला, यीस्ट त्याला हात लावत नाही.